दोन बाटल्या

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र पाहिलं, मग हातातला कागद पाहिला, मग पुन्हा चित्र. निवृत्त तिकीट तपासनीसाला ही नजर चांगलीच ओळखीची होती. दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून पहिल्या वर्गात पेपर वाचणाऱ्यांकडे तो उभा जन्म असाच पाहत आला होता.

“काका, इतक्या वर्षांच्या मधुमेहाच्या मानाने तुमच्या किडन्या स्कॅनमध्ये अगदी छान दिसतायत. पण लघवीतली प्रथिनं भलतंच सांगतायत. हे असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत डायलिसिस. एकाच माणसाच्या दोन तपासण्या अशा कशा भांडतात?”

कशा, ते त्याला ठाऊक होतं. सकाळी न्हाणीघराच्या फळीवर लघवीच्या नमुन्याच्या दोन बाटल्या होत्या, एक त्याची, एक बायकोची. मधुमेह दोघांनाही; पथ्य मात्र ती एकटी दोघांच्या वाटचं पाळायची. तो बिस्किटं जुन्या बुटांच्या खोक्यात ठेवायचा. रिपोर्ट बिघडला तर ती घरी सालटी काढणार, म्हणून त्याने बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या अलगद सोडवून अदलाबदल करून चिकटवल्या. तिला कोण बोलणार होतं? पथ्य पाळणारी म्हणून दवाखान्यात तिचा वशिलाच तसा होता.

“काकूंचं मात्र उत्तम,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांचा स्कॅन मी रद्दच केलाय.”

येताना वाटभर बोलत आलेली बायको शेजारीच बसली होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

“माझी एक काढून यांना बसवा.”

“काकू, मधुमेह तुम्हालाही आहे. तुमची नाही चालायची.”

“वापरलेली आहे हो, पण जपून वापरलीय.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. तो हसला नाही. त्याची नजर टेबलाखाली गेली होती. बायकोने सँडलचा पट्टा सोडून ठेवला होता आणि सुजलेल्या पावलावर त्याचा वळ उमटला होता. सकाळी ती म्हणाली होती, “अहो, हा पट्टा आखडलाय का हो?” आणि तो म्हणाला होता, “पट्टा आहे तेवढाच आहे, तूच फुगलीस.” आपल्या विनोदावर तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत खूश होता.

“हिचा स्कॅन करा,” तो म्हणाला. “आत्ता करा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदलल्या.”

सालटी निघायची तो वाट पाहत राहिला.

“म्हणजे तुमच्या धड आहेत?” बायको म्हणाली. “काय मेलं घाबरवलंत!” आणि तिने पदराने डोळे पुसले.

तो गुडघे टेकून खाली बसला. पट्टा ओढून बकलात घालू लागला. शेवटच्या भोकापर्यंतही तो पोचत नव्हता.

“राहू दे हो,” ती वरून म्हणाली. “तुमची पाठ धरेल.”