सव्वीस तासांचं विमान

रविवारी मृण्मयी सँटियागोहून नागपूरला आली, वडिलांच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली आणि दीड तासात परत निघाली. सोळा हजार किलोमीटरचं अंतर आता नव्या विमानांनी पन्नास मिनिटांत कापलं जात होतं.

"आजची रात्र राहा ना," वामनराव देवतळे म्हणाले.

"राहून काय करू, बाबा? वाटलं तर परवा पुन्हा येईन की."

परवा ती आली नाही. कधीही येता येतं, म्हणून येणं पुढे ढकललं जायचं. पूर्वी याच प्रवासाला सव्वीस तास लागत. तेव्हा ती वर्षातून एकदाच यायची, पण महिनाभर राहायची. आता तिच्या खोलीतली चादर दोन वर्षांत कुणी चुरगाळली नव्हती.

जुनी, संथ विमानं मालवाहतुकीसाठी अजून उडत. त्यांत चार प्रवाशांची सोय असे. मार्चमध्ये वामनरावांनी त्यातलं एक तिकीट काढलं.

"या वयात सव्वीस तास? वाटेत काही झालं तर?" मृण्मयी फोनवर चिडली.

तरी ते गेले. खिडकीशी एकटेच बसून त्यांनी समुद्रावर दोनदा उजाडताना पाहिलं.

सँटियागोला उतरले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. मृण्मयी विमानतळाच्या दारातच उभी होती, डोळे लाल, केस विस्कटलेले.

"कालपासून इथेच आहे मी," ती म्हणाली. "विमान कुठवर आलं, तेच बघत होते. डोळ्याला डोळा लागला नाही."

आपली कुणी अशी वाट पाहिल्याला किती वर्षं झाली, ते वामनरावांना आठवत नव्हतं.