खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीला मृणालिनीने बंदुकीवर हळदकुंकू वाहिलं. नव्या कायद्याने आलेली ही बंदूक धरणाऱ्याचा राग ओळखायची. तो चिडलेला असला की दस्त्यावर लाल दिवा लागायचा आणि चाप जाम व्हायचा. तिचा नवरा गजेंद्र म्हणजे जमदग्नीचा अवतार. त्याच्या हातात तो दिवा हिरवा झालेला कुणी पाहिलाच नव्हता. म्हणून तर सामाईक विहिरीवरून धाकट्या दिराशी त्याचं वैर पेटलं, तरी ती निर्धास्त होती.

पण उन्हाळ्यापासून गजेंद्र रोज पहाटे प्राणायामाला बसू लागला. सासूबाई हरखल्या होत्या, "देव पावला गं! पोरगं माणसात आलं." मृणालिनीची मात्र तेव्हापासून झोप उडाली होती.

एवढ्यात दीर अंगणात येऊन गरजला, "दादा, विहिरीला आजच कुलूप ठोकतोय. काय करायचं ते कर!"

गजेंद्रने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, सावकाश सोडला आणि पाटावरची बंदूक उचलली. दस्त्यावर हिरवा दिवा लागला.

"ये रे, असा समोर ये," तो मायेने म्हणाला.

मृणालिनीने त्याचा दंड गच्च धरला. "अहो, चिडा ना हो! पाया पडते तुमच्या, एकदा तरी चिडा!"