विकतचे बेडूक

अमोलनं गवत कापायचा कटर ओसरीवर टेकवला आणि पाणी पिण्याआधीच विचारलं, “लॅपटॉप कुठं हाय?”

रामनगरात त्याचं दुकान होतं. जुनं घ्यायचं, नवं द्यायचं आणि मधल्या फरकावर जगायचं. गुंद गावापर्यंत तो उगाच आला नव्हता; कटर द्यायचा आणि लॅपटॉप न्यायचा, असं ठरलं होतं.

“आत. मंगलच्या मांडीवर,” परशू म्हणाला.

लॅपटॉप त्यानंच बहिणीला घेऊन दिला होता, बँकेच्या परीक्षेसाठी. परीक्षा झाली, नोकरी लागली नाही. तेव्हापासून लॅपटॉप दिवसभर पडद्यावरचं वाचून दाखवत बडबडायचा, मंगल कानात वायर घालून ऐकायची आणि परशूच्या बांधावरचं गवत कमरेएवढं वाढायचं. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध परशूनंच जोडला होता.

मंगल लॅपटॉप घेऊन बाहेर आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण ओसरीवर कोण कुठं आहे हे तिला उंबऱ्यावरच कळायचं.

“अमोल, चपला काढ. वहिनीनं आत्ताच सारवलंय.”

अमोलनं मुकाट्यानं काढल्या.

“दादा, खरंच देणार तू?”

“मग काय करू? तुला पडदा दिसत न्हाई, आनि मला कळत न्हाई. घराला ह्याचा उपयोग काय?”

“हाय म्हटलं तर मानशील?”

“तुझं न्हाई मानायचो. तू वकील व्हायची राहिलीस. कुनी तिसऱ्यानं सांगितलं तर मानीन.”

मंगल म्हणाली, “बरं. मग ह्याच्यावर मी बाजार करते. आत्ता, तुमच्यासमोर. कुनी हात लावायचा न्हाई. जमलं तर लॅपटॉप माझा. न्हाई जमलं तर अमोलनं न्यावा.”

“काय घेशील?”

“गाणी मिळतात त्या दुकानातलं कायतरी. मी निवडीन.”

परशूनं लगेच कबूल केलं. हरायची भीती नसली की तो फार उदार व्हायचा. त्याची बायको केशर हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

मंगलनं कानातली वायर उपटली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. लॅपटॉप बोलायला लागला, तो इतका भराभरा की अमोलला आशा वाटली.

“बिघडलाय व्हय? मग भाव कमी होईल बघा.”

“तो बरोबर बोलतोय. तू हळू ऐकतोस.”

मंगलची बोटं चालत होती. लॅपटॉप म्हणाला, “बटण. बटण. बटण.”

“शिंप्याचं दुकान हाय का हे?” अमोल म्हणाला.

“त्यांनी बटणांना नावंच दिली न्हाईत. एक आवडलं म्हणून सांगायचं, एक दुसऱ्याला पाठवायचं, एक विकत घ्यायचं. दिसणाऱ्याला चित्र दिसतं. मला तीनदा बटण.” तिनं तिसरं दाबलं.

“हेच कसं कळलं?”

“सवयीनं.”

मग लॅपटॉपनं मालाचं नाव वाचलं, “भातशेतातले बेडूक.”



“बेडूक?” परशू म्हणाला. “अगं, गाणी म्हणालीस की!”

“गाण्यांच्या दुकानातच मिळतात.”

“पैसं देऊन बेडूक! आपल्या खाचरात फुकट वरडत्यात. झोपेतनं उठून शिव्या देतो मी त्यांना.”

“बेंगळुरात न्हाई वरडत. तिथल्या लोकांना हे लावल्यावर झोप लागते म्हणे.”

“तुला काय बेंगळुरात झोपायचंय?”

केशरनं पदर तोंडाला लावला. “घेऊ द्या की हो. बेडूक तर बेडूक.”

“नमुना तरी ऐका, आक्का,” अमोल म्हणाला.

“नको. घेते.”

नमुना न बघता घेणारं गिऱ्हाईक अमोलला दुकानदार म्हणून फारच आवडलं.

तेवढ्यात दुकानानं तिला अडवलं. आपण माणूस आहात हे सिद्ध करा, खालच्या चित्रांतल्या बस ओळखा. अमोलला राहवेना. “ही बघा, हितं एक, आनि...”

“हात मागं!” परशू ओरडला. पैज जिंकायची तर त्याला चोख जिंकायची होती.

मंगलनं चित्रांऐवजी आवाज मागितला. कढई घासता घासता कुणी पाढे म्हणावेत तशी खरखर आली. परशूला एकही आकडा लागला नाही. मंगलनं सगळे दाबले.

“चूक,” लॅपटॉप म्हणाला.

केशरचा हात चौकटीवर घट्ट झाला. पुन्हा खरखर, पुन्हा नवे आकडे. मंगलनं कान पार लॅपटॉपला लावला आणि एकेक आकडा ओठांत घोळवून दाबला.

“धन्यवाद. आपण माणूस आहात.”

“चला, एवढं तरी ठरलं,” परशू म्हणाला.

पैसे फोनवरून जायचे होते, आणि रेंज फक्त खिडकीच्या गजांपाशी असल्यानं फोन तिथंच टांगलेला असायचा; लॅपटॉपचं नेटही त्याच्यावरूनच चालायचं. मंगल उठून तिथं गेली आणि पिन दाबताना भावाकडं पाठ केली. आपल्यालासुद्धा दाखवत नाही, हे बघून परशूला नको असताना अभिमान वाटला.

माल उतरला. मंगलनं वाजवला. आधी एकच बेडूक घसा साफ केल्यासारखा बोलला, मग दुसरा, मग सगळं खाचरच भरदुपारी ओसरीवर चढून आलं. अंगणातलं कुत्रं कान टवकारून उभं राहिलं.

“आपल्यासारखंच वरडत्यात की,” परशू म्हणाला.

“बेडूक सगळीकडं सारखंच,” अमोल म्हणाला आणि कटर उचलायला वाकला. आजची फेरी फुकट गेली हे त्याला कळलं होतं.

“ठेव लॅपटॉप तुझा,” परशू बहिणीला म्हणाला. “जमतंय तुला. पन एक सांगतो, घेणारी तू येडी. शहाणा तो विकणारा! चिखलातलं फुकटचं वरडणं गोळा करतो आनि शहरात विकतो. भेटला तर पाय धरीन त्याचे.”

 मंगलनं बेडूक बंद केले आणि लॅपटॉपचा आवाज वाढवला.

“नमस्कार मंगल,” लॅपटॉप म्हणाला. “तुमच्या ‘भातशेतातले बेडूक’ची आणखी एक प्रत विकली गेली. या महिन्यातली विक्री, दोनशे सात. शेवटचा ग्राहक, मंगल, गुंद.”