हनुवटीवरचा हात

हंसाबाईच्या कवटीच्या तळाशी गाठ वाढत होती. तिचा डावा डोळा आत वळला होता, अर्धा चेहरा बधिर झाला होता. एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात तिचा नवरा पूनमसिंग तिला ढाणकीजवळच्या तांड्यावरून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टर खानझोड्यांनी डोक्याचा एक्स-रे काढला. त्यात तिचा जबडा सताड उघडा दिसला.

"तोंड मिटून ठेव म्हटलं होतं ना?"

"मिटलंच होतं, साहेब."

"आयकतच नाही हे बाई," म्हणत पूनमसिंगनं दुसऱ्या एक्स-रेच्या वेळी तिची हनुवटी दाबून धरली. ती कळवळली, तरी त्यानं पकड सोडली नाही.

डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडासमोर धरली. गाठीनं कवटीच्या तळाचं हाड पोखरलं होतं. जबडा पुन्हा उघडाच होता. पूनमसिंगच्या हाताची हाडं तिच्या दातांमध्ये होती, आणि त्या हाताला दोन बोटं कमी होती.

"हात दाखव तुझा."

पूनमसिंगनं पंजा पसरला. पाचही बोटं धड होती.

"काहून, साहेब?" त्यानं करंगळी चोळली. "हे दोन बोटं आताच ठणकून राह्यले."

मागे बाकावर हंसाबाई ओठ मिटून सावकाश काहीतरी चावत होती. तिच्या प्रत्येक चाव्याला पूनमसिंगचा हात दचकत होता.