उसनी वाटी

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या काचेशी निरंजन उभा होता. आत चार यंत्रहात एका तान्ह्या मुलीचे थांबवलेले हृदय एकाच वेळी शिवत होते. त्यांची आज्ञावली त्याने लिहिली होती.

दोन हात एकाच रक्तवाहिनीकडे वळले आणि एक थबकला.

"दादा, बिघडला का हो तो?" शेजारी उभ्या मुलीच्या आईने विचारले.

"नाही ताई. वाहिनी पहिल्या हाताने उसनी घेतलीय. ती परत मिळेपर्यंत दुसरा थांबणार. आणि टाका घातल्याशिवाय पहिला ती परत देणार नाही."

"म्हणजे उसनी वाटी रिकामी परत द्यायची नाही, तसं?"

निरंजनला गेलेली आई आठवली. "हो, माझ्या आईकडूनच शिकलो ते."

पहिला हात बाजूला झाला, दुसरा पुढे सरला. शेवटचा टाका पडला. पडद्यावरची ठोक्यांची सरळ रेषा उसळली. चिमुकले हृदय आपले आपण धडधडू लागले.

मुलीची आई रडता रडता हसली. "आमची वाटी भरून परत आली, दादा!"