टॉवरची खूण

वामनरावांनी परसातल्या मोठ्या दुर्बिणीची डोळ्याकडची नळी बदलली आणि तिच्यावर दोन खुणा केल्या. एक ताऱ्यांसाठी, दुसरी बोटभर बाहेर, टेकडीवरच्या टॉवरसाठी. जवळचं पाहायचं तर नळी बाहेर ओढावी लागते.

अंधार पडताच मंगळाकडे निघालेलं त्यांच्या लेकीचं, मैथिलीचं यान नेहमीच्या जागी चमकलं. ताऱ्यांच्या खुणेवर ते पुसटच राहिलं. वामनरावांनी नळी बाहेर ओढली. टॉवरच्या खुणेवर लख्ख दिसला ड्रोनला टांगलेला दिवा.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी विमलाबाईंच्या फोनवर मैथिली हसत होती. "बाबा, दिसलं का माझं यान?"

"दिसलं."

"अहो, मलाही बघू द्या," विमलाबाई म्हणाल्या.

"ये," ते म्हणाले, आणि त्यांनी नळी हळूच आत, ताऱ्यांच्या खुणेवर ढकलली.