दोघांची भिंत

सिमेंटच्या घरांत माणसांना झोप येईना, तेव्हापासून भिंती जित्या झाल्या होत्या. नेच्याच्या रोपांनी भरलेली भिंत पलंगाच्या उशाशी असायची आणि झोपलेल्या माणसाच्या श्वासावर वाढायची. केरबांच्या भिंतीची डावी बाजू मात्र पिवळी पडली होती.

भिंतींची निगा राखणारी शुभदा पानं चाचपत म्हणाली, "काका, ही बाजू कुणाची?"

"अनुसयेची. तीन महिने झाले तिला जाऊन."

"एकाच्या श्वासावर अर्धीच भिंत जगते, काका. वाळलेली छाटावी लागेल, नाहीतर बुरशी पसरेल."

"मुळं जिवंत आहेत?"

"आहेत. पण श्वास मिळाला नाही तर आणखी आठवडाभरच टिकतील."

केरबांनी आपली उशी उचलली आणि बायकोच्या जागेवर ठेवली. चाळीस वर्षांत ते त्या बाजूला कधी झोपले नव्हते.

"अहो काका, मग तुमची बाजू वाळेल! केवढी माजलीय बघा."

"माझ्या घोरण्यानं माजलीय, असं ती म्हणायची," केरबा म्हणाले. "माझीच बाजू छाट, पोरी. आजपासून मी इकडे."